कोऱ्या पट्टीवरच्या खुणा

एवढी वर्षं लोटली, तरी सिरसाळ्याचा तो हंडा माझ्या डोक्यातून जात नाही. परदेशी कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या आणि त्यांच्या नावावर काहीही खपत होतं.

एका सकाळी हजेरी चालू असताना तलवाड्याचा एक शेतकरी ठाण्यात आला. "सायेब, माज्या पोरीचं लेकरू पाडाया निघालेत. तिच्या सासऱ्यानं किरणं निघनारा तांब्याचा हंडा इकत घेतलाय. पोर त्याच खोलीत निजत व्हती. आता लेकरू येडंवाकडं व्हईल म्हनत्यात."

खबर आणणाऱ्यावर आधी संशय घ्यायचा, ही माझी खोड. देण्याघेण्याचं भांडण असेल असं वाटलं. तरी गेलो. सासरा सिरसाळ्यातला बियाण्यांचा दुकानदार. त्याला म्हणालो, "मग हंडा घराबाहेर काढा की!"

"कामून काढू सायेब? इदेशी कंपनी लाखो रुपयं दिऊन न्यायला येनार हाय. लेकरू काय, परत व्हईल."

माझं डोकंच फिरलं. पंचनामा करून हंडा जप्त केला आणि विकणाऱ्याला मांजरसुंब्याच्या लॉजवरून उचललं. माणूस गोडबोल्या, पूर्वी कुठल्याशा प्रयोगशाळेत कामाला होता. हंड्यातून किरणं निघतात, याचा त्याचा पुरावा म्हणजे प्लास्टिकची पारदर्शक पट्टी. ती हंड्यात ठेवायची, मग कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात भिजवायची. किरण जिथे घुसला ती जागा सोडा लवकर खातो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक खळगे दिसतात. मी ते स्वतः पाहिले. खोटं कशाला सांगू, हंड्यापासून दोन पावलं मागे सरलो.

त्याच्या पिशवीत कोऱ्या पट्ट्यांचं पाकीट होतं. मी हात लावताच तो ओरडला, "उघडू नका साहेब, उजेडानं खराब होतील!"

भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांना मी मदतीला बोलावलं होतं. ते म्हणाले, "हा कॅमेऱ्याचा रोल नाही. उजेडानं याला काही होत नाही."

मग हा घाबरतो कशाला? त्यातलीच एक पट्टी, हंड्याजवळ न नेता, प्राध्यापकांना सोड्यात टाकायला लावली. खळगे तिच्यावरही होते! पठ्ठ्यानं प्रयोगशाळेतच पट्ट्यांवर किरण पाडून ठेवले होते. पट्टी समोर धरल्यावर तो घडाघडा सगळं बोलला. प्राध्यापकांनी स्वतःच्या पट्ट्या काही दिवस हंड्यात ठेवल्या. त्या स्वच्छ निघाल्या.

हे सांगायला गेलो तेव्हा सासरा डोकं धरून खाली बसला. सासू त्यालाच पाणी देऊ लागली. सून दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "आता न्हाई ना नेनार मला दवाखान्यात?"

हंडा खोटा निघाल्याचा आनंद त्या घरात तिच्याशिवाय कुणालाच झाला नव्हता. तेव्हापासून फसवणाऱ्याइतकाच फसलेल्यावरही मी संशय घेऊ लागलो.