गच्चीवरचा अर्धा आवळलेला कॉक

गच्चीवरचा तो कॉक मी आवळला होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. तोंडानं तर अजून कुणापुढं उच्चारलेलं नाही, बायकोपुढंही नाही. गोष्ट ऐकायला एवढीशी आहे. येत्या संक्रांतीला तिला तीन वर्षं होतील.

आमचं घर सोलापुरात, विजापूर रस्त्याच्या बाजूला. खाली आम्ही दोघं नवराबायको आणि वरच्या मजल्यावर माझ्या थोरल्या भावाची बायको, माझ्या वहिनी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, पुतणी सासरी असते. वहिनी सीमेजवळच्या मैंदर्गीच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा मराठीपेक्षा कानडीच जास्त बोलायच्या. मी पाचवीत होतो आणि आई नुकतीच गेली होती. माझी शाळा सकाळची, म्हणून त्या सगळ्यांच्या आधी उठून बंब पेटवायच्या आणि हाक मारायच्या, "बर्री भाऊजी, पाणी तापलं." बर्री म्हणजे या. दहा वर्षांच्या शेंबड्या पोराला 'या' म्हणणारं दुसरं कुणी त्या घरात नव्हतं.

पुढं बंब गेला, गच्चीवर सोलर आलं. मग शेजारी तीन मजली इमारत उठली आणि सोलरवरचं ऊन गेलं, म्हणून आम्ही हीट पंप बसवला. पाण्याच्या टाकीशेजारी पंखा असलेली एक पेटी, ती हवेतली उष्णता ओढून घेते आणि पाण्यात सोडते. विकणारा म्हणाला होता, "साहेब, सोलापुरात दुसरं काय नसलं तरी गरमी भरपूर हाय. तीच कामाला लावायची." दोन्ही मजल्यांना मिळून एकच मशीन. महिनाभर उत्तम चाललं.

संक्रांत चार दिवसांवर आली होती. तेव्हा नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, आणि त्या खेपेला सहावा दिवस उजाडला तरी पत्ता नव्हता. मी खाली पेपर घेऊन बसलो होतो आणि वरून पाणी पडत असल्याचा आवाज येत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा. अर्धा तास मी तो आवाजच ऐकत होतो, पेपरातलं एक अक्षर वाचलं नाही.

आमच्या गावात घरोघरी कॉक आवळलेले असतात. बेसिनचा, मोरीचा, भाडेकरूच्या लाइनचा. पाण्याच्या काळजीनं हाताला तशी सवयच लागली आहे. मी गच्चीवर गेलो. टाकीच्या तळाशी लाल दांड्याचा एक कॉक दिसला. हीच वहिनींच्या मजल्याची लाइन, असं मी धरून चाललो. दांडा घट्ट होता, हाताला बोचत होता, म्हणून खिशातला जुना हातरुमाल त्याला गुंडाळला, गाठ मारली आणि कॉक अर्ध्यावर आणला. वरच्या नळाची धार बारीक झाली की समजून घेतील, असा माझा हिशेब.

उतरताना जिन्यात वहिनींचं दार उघडंच होतं. आत डोकावून, "वहिनी, पाणी जरा जपून," एवढं म्हणता आलं असतं. मी पाय न वाजवता खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हीट पंप बंद. पडद्यावर कसलीतरी अक्षरं आणि टूंटूं आवाज. कंपनीला फोन केला तर तिकडचा माणूस म्हणाला, हाय प्रेशरमुळं बंद पडतंय, एकदा बंद करून चालू करून बघा, मेकॅनिक सणाच्या गडबडीत दोन दिवसांनी येईल. चालू केलं की वीस मिनिटं चालायचं आणि परत बंद. मी पेटीच्या जाळीवरची धूळ झाडली, ब्रशनं घासली, माहितीपुस्तक उलटं-सुलटं वाचलं. कॉकची आठवण एकदाही झाली नाही, हे खरं सांगतो. त्यानंतरचं मात्र सगळं समजून उमजून झालं. पुस्तकात पाण्याचं तापमान पन्नासवर ठेवा असं लिहिलेलं आणि मशीनवर आकडा साठचा. महिनाभरापूर्वी वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "पाणी कोमटच येतंय की." मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि माझ्यापुरता निकाल लागला.

त्याच दिवशी संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेसाठी श्रीपूरहून माझी बहीण आणि मेव्हणे आले. मेव्हणे साखर कारखान्यात आहेत. दुसऱ्या सकाळी गार पाण्यानं अंघोळ करून दात वाजवत बाहेर आले आणि म्हणाले, "आमच्या कारखान्यात वाफ वाया जाती, अन् हितं सासुरवाडीत बर्फ. उलटंच हाय सगळं." सगळे हसले. बहीण म्हणाली, "पण झोप लई छान लागली. वहिनींनी आमच्यासाठी सगळ्या चादरी धुऊन ठेवल्यात, उन्हाचा वास येतोय."

म्हणजे तो अर्ध्या तासाचा आवाज चादरींचा होता. मला ते कळलं. कळून माझा राग कमी व्हायला हवा होता, तो वाढला.

एवढ्यात वहिनी शेंगापोळ्यांचं ताट घेऊन खाली आल्या. मी सगळ्यांसमोर विचारलं, "वहिनी, त्या मशीनचं टेंपरेचर साठवर कुणी नेलं?"

"मला काय म्हाईत, भाऊजी. मी त्याला हात लावत न्हाय."

"मग मी लावला? गच्चीवर जाणं-येणं तुमचंच. कळत नसलं तर बटणं दाबू नयेत माणसानं. आता बघा, पाहुणे गार पाण्यानं न्हातायत."

"अरे, असू दे की," बहीण म्हणाली.

"असू दे काय? विचारायची पद्धत असते."

वहिनींनी ताट टेबलावर ठेवलं. पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाल्या, "बंबाला बटण न्हवतं, ते बरं होतं." आणि वर गेल्या. मेव्हणे हसले, मग कुणीच हसत नाही बघून थांबले. पोळ्या आम्ही खाल्ल्या. मीही खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. गच्चीवर आम्ही दोघंच. त्यानं पेटीत जाणारा पाइप चाचपला, बाहेर येणारा चाचपला आणि हात झटकला. "गॅस बरोबर हाय, साहेब. ही मशीन हवेतली गरमी गोळा करून पाण्याला देती. पाणी पुरतं फिरलंच न्हाय तर ती गरमी जाणार कुटं? आत प्रेशर चढतं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद पडती. तिची काय चूक न्हाय."

"आणि ते साठ?"

"साठवरच लावून येती कंपनीतनं." तो वाकला. "हा कॉक कुणी आवळला?"

त्याचा हात माझ्या रुमालावर होता. ती टाकीतून मशीनकडं जाणारी लाइन होती. वहिनींच्या नळाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. मला क्षणात सगळं उमगलं, आणि तेवढ्याच वेळात माझ्या तोंडून निघालं, "वरचे लोक येतात कपडे वाळत घालायला. त्यांनी फिरवला असेल."

"मग त्यांना सांगा, परत हात लावू नका म्हणून." त्यानं कॉक पूर्ण उघडला. पेटी घरघरली आणि चालू राहिली.

मी इथं थांबू शकलो असतो. मेकॅनिक गेला, मशीन सुरू झालं, विषय मिटला असता. पण मी उतरताना वहिनींच्या दारात थांबलो. आत बहीण त्यांच्याजवळ तीळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "मेकॅनिक येऊन गेला. गच्चीवरचा कॉक कुणीतरी फिरवला होता. इथून पुढं तिथं हात लावू नका, असं त्यानं सांगितलंय."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं. "बरं," एवढंच म्हणाल्या. बहिणीनं मान खाली घातली. तिला वहिनींची लाज वाटली, माझी नाही. ते बघून मला सुटल्यासारखं वाटलं.

पाहुणे गेल्यावर आठवड्याभरानं वहिनींनी प्लंबर बोलावला आणि आपल्या मोरीतल्या गरम पाण्याच्या लाइनला बूच मारून घेतलं. बायको म्हणाली, "जाऊबाई, असं कशाला?" त्या म्हणाल्या, "एकटीला लागतं किती? गॅसवर हुतंय की." मी आत बसून ऐकत होतो.

रुमाल काढायचा मी विसरलो होतो. फाल्गुनात वहिनी कुरडया वाळत घालायला गच्चीवर गेल्या. त्यानंतर दोन दिवसांनी माझ्या धुतलेल्या कपड्यांच्या चळतीत तो रुमाल वरच ठेवलेला दिसला. धुऊन, घडी घालून. कडेला निळ्या दोऱ्याची शिलाई होती. माझे रुमाल वर्षानुवर्षं वहिनीच शिवतात. म्हणजे त्यांना कळलं होतं. त्या दिवाळीला त्यांनी नवे सहा रुमाल शिवून दिले.

मशीन त्यानंतर एकदाही बंद पडलेलं नाही. माझ्या नळाला रोज कढत पाणी येतं. वर वहिनी पातेल्यात पाणी तापवतात आणि बादलीत ओतून मोरीत नेतात. गुडघे दुखतात, म्हणून बादली वाटेत एकदा टेकतात. तो आवाज मला खाली ऐकू येतो. तेव्हा मी बहुतेक अंगाला साबण लावत असतो.

वहिनींना मी एक वाक्य देणं लागतो: कॉक मी आवळला आणि नाव तुमचं घेतलं. दारात एकट्या गाठून ते पुटपुटलं तर चालणार नाही. बहीण आणि मेव्हणे समोर बसलेले असताना, त्याच टेबलापाशी ते म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.