निरोगी नळी

फौजदारीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. प्रयोगशाळेतल्या लोकांनी ते पाठीमागे ठेवलं होतं, आणि आपल्या पाठीमागे काय चालतं याची बित्तंबातमी तिला असायचीच, त्यामुळे तेही तिला ठाऊक होतं. तिला त्याचा राग यायचा नाही, उलट थोडं बरंच वाटायचं. तिच्या मते जगात माणसं दोनच प्रकारची, संशय घेणारी आणि फसणारी, आणि पहिल्या प्रकारात ती पंचावन्न वर्षं सुखाने नांदत होती.

तिचं काम टी पेशींचं. या पेशी म्हणजे रक्तातल्या पहारेकरणी. शरीरात शिरेल त्याला हटकायचं, परका निघाला की बोंब ठोकायची आणि फौज जमवायची, हा त्यांचा धंदा. कधी कधी मात्र त्यांचं डोकं फिरतं आणि त्या घरच्यांवरच धावून जातात. मग सांधे सुजतात, बोटं आखडतात. असे सांधे धरलेले चाळीस रुग्ण होते आणि त्यांना एक नवं औषध दिलं जात होतं. त्या औषधाने माजलेल्या पेशी थंड होतात की नाही, हे फौजदारीण तपासत होती. होत असल्या तर तेच औषध आणखी शेकडो लोकांना सुरू होणार होतं.

मोजायची रीत तिचीच. दर दुसऱ्या मंगळवारी पाळीपाळीने पाच रुग्णांचं रक्त यायचं आणि त्याच दिवशी एका निरोगी माणसाचंही काढायचं. निरोगी नळी मशीनवर सगळ्यांत आधी चालवायची. पडद्यावर तिच्यातल्या पेशींचे ठिपके उमटायचे, पेशी जितकी माजलेली तितका ठिपका वर; ते उमटले की त्यांच्या डोक्यावरून एक रेघ ओढायची, आणि मग रुग्णांच्या शंभरातल्या किती पेशी त्या रेघेच्या वर उड्या मारतायत ते मोजायचं.

आता निरोगी माणूस आणायचा कुठून? सुरुवातीला तिने स्वयंसेवक बोलावून पाहिले. एक म्हणाला, मला साधी सर्दीसुद्धा नाही, आणि हे नाक ओढत म्हणाला. दुसरीने गोळ्या चालू असल्याचं लपवलं. तिसऱ्याचा चेहराच हिला पटला नाही. शेवटी तिने स्वतःची बाही वर केली. अकरा वर्षं झाली, त्या प्रयोगशाळेत निरोगी म्हणजे ती. नोंदवहीच्या पहिल्याच पानावर तिच्या टोकदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'निरोगी: स्वतः.'

घरी नवरा होता. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून खटपट करायची आणि संध्याकाळी बायकोसमोर आरोपीसारखं उभं राहायचं, असा त्याचा दिनक्रम. अलीकडे खटला चालला होता तो कॉफीच्या बरणीवरून.

"झाकण एवढं आवळतोस कशाला?"

"नेहमीसारखंच तर लावलंय."

"नेहमीसारखं नाही. मी कॉफी कमी प्यावी म्हणून मुद्दाम करतोयस तू."

"लोकांचे नंबर मी रोज तपासतो," तो बरणी उघडून देत म्हणाला, "पण तुझ्या संशयाचा नंबर जेवढ्या झपाट्याने वाढतोय, तेवढ्याची काच कुठे मिळत नाही गं."

अंगठीही बोटातून निघेनाशी झाली होती. तो दोष तिने साबणावर टाकला. सकाळी अंग लाकडासारखं व्हायचं, तो नव्या गादीवर. गादीच्या दुकानदाराशी तिची दोनदा बाचाबाची झाली होती.

तर, शंकेची पाल चुकचुकली ती धाकटीच्या आकड्यांनी. धाकटी म्हणजे प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी आलेली संशोधक. वय बत्तीस, घरी दोन वर्षांची मुलगी, आणि पीएचडीचा प्रबंध याच कामावर. रुग्णांच्या पेशी मशीनवर मोजायची तीच. आठ महिन्यांपूर्वी रुग्णांच्या शंभरातल्या तीस पेशी रेघेच्या वर असायच्या. मग सव्वीस झाल्या, बावीस, सतरा, बारा. गेल्या मंगळवारी सहा. औषध लागू पडलं म्हणून रुग्णांना ते देणारे मोठे डॉक्टर खूश होते आणि धाकटी तर हवेतच होती. फौजदारीण मात्र तो उतरता आलेख टेबलावर घेऊन बसली. एवढं शिस्तीत तर जिन्यावरून माणूससुद्धा उतरत नाही.

शिवाय तिने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती. कागदावर बरी झालेली एक बाई तपासणीच्या खोलीबाहेर बाकावर बसून पाण्याच्या बाटलीचं बूच दातांनी उघडत होती. बोटं वळतच नव्हती तिची. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग फौजदारीण डोळ्यांत तेल घालून धाकटीवर पाळत ठेवू लागली. धाकटी फोन आला की खिडकीपाशी जाऊन हळू बोलते, याची तिने नोंद केली. जेवणाच्या सुट्टीत तिचे ड्रॉवर उघडून पाहिले. कचऱ्याच्या डब्यातल्या वापरलेल्या नळ्यासुद्धा मोजल्या, पाच भरायला हव्यात तर पाचच भरतात का म्हणून. काही सापडलं नाही, त्याने संशय कमी होण्याऐवजी वाढलाच. पोरगी पोचलेली दिसतेय, असं तिला वाटलं. रविवारी बसून तिने तक्रारीचं पत्र लिहिलं. ते गेलं असतं तर धाकटीची पीएचडी संपली असती. या धंद्यात खोट्या आकड्यांचा डाग एकदा लागला की पुन्हा कुणी दारात उभं करत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून पत्र खणात ठेवून तिने आधी पुरावा मिळवायचं ठरवलं.

मंगळवारी सकाळी ती नवऱ्याला दुकान उघडण्याआधीच प्रयोगशाळेत घेऊन आली.

"आता माझ्या रक्तावर कसला संशय?"

"तुझ्यावर नाही. हात पुढे कर."

"तू नाही म्हणालीस की मला जास्त भीती वाटते," असं म्हणत त्याने हात पुढे केला.

निरोगी नळीत त्या दिवशी त्याचं रक्त गेलं. एक, दोन आणि चार या नळ्या जुन्या रुग्णांच्या होत्या. तीन आणि पाच या नळ्यांवर तिने 'नवे रुग्ण' म्हणून चिठ्ठ्या लावल्या आणि दोन्हींत स्वतःचं रक्त भरलं. हिशेब साधा होता. धाकटी मनाने आकडे ठोकत असेल, तर तीन आणि पाचला दोन वेगवेगळे आकडे देईल आणि सापडेल. प्रामाणिक असेल तर दोन्ही सारखे येतील, आणि रेघेच्या खाली.

दुपारी तीनला धाकटी दारात आली. चेहरा उतरला होता.

"मॅडम, काहीतरी मोठी गडबड आहे. जुने तिघेही वर आहेत. अठ्ठावीस, एकतीस, तीस. औषधाने काहीच झालेलं नाही, असं दिसतंय."

"आणि नवे दोघे?"

"रागावू नका, पण तीन आणि पाच ही दोन माणसं नाहीतच. एकाच माणसाच्या नळ्या आहेत. आकडा सारखा, ठिपक्यांची ठेवणसुद्धा सारखी. चिठ्ठ्या लावताना कुणाची तरी चूक झालीय."

फौजदारणीच्या काळजावरचा दगड उतरला आणि त्याच जागी शरमेचा बसला. पोरगी शंभर नंबरी सोनं होती.

"बरं. आकडा काय आला?"

"चव्वेचाळीस. आणि नुसत्या माजलेल्या नाहीत मॅडम, बहुतेक सगळ्या एकाच घराण्यातल्या आहेत. एकाच पेशीची पिलावळ वाढत गेलीय. हा जो कोण पेशंट आहे ना, त्याला आधी रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवायला हवं. रक्ताचा कॅन्सरसुद्धा निघू शकतो, उशीर नको करायला."

"तू जा," फौजदारीण म्हणाली. "बघते मी."

ती एकटी उरली आणि सवयीप्रमाणे संशय घेऊ लागली. आधी नवऱ्याच्या रक्तावर घेतला, मग मशीनवर, मग पेशी रंगवायच्या रंगाच्या नव्या बाटलीवर. एकही टिकला नाही. शेवटी तिने जुन्या मंगळवारांची चित्रं उघडली. रुग्णांची नव्हे, निरोगी नळीची. त्या नळीवर रेघ ओढली की फाइल बंद, हा तिचाच नियम होता. ती चित्रं एकापाठोपाठ एक लावून आजवर कुणी पाहिली नव्हती, तिने तर नाहीच. आठ महिन्यांत ठिपके वर वर चढत गेले होते, आणि त्यांच्या डोक्यावरून ओढलेली रेघही त्यांच्याबरोबर वर गेली होती. रुग्ण होते तिथेच होते. मापच चढत होतं.

तिने मूठ वळून पाहिली. ती पुरती वळली नाही. अंगठीभोवती बोट फुगलेलं होतं, आणि यात साबणाचा काही दोष नव्हता. तिला भीती वाटली, लहानपणी अंधारात वाटायची तशी, साधी.

तिने धाकटीला परत बोलावलं.

"तीन आणि पाच मी आहे."

धाकटी खुर्चीत बसली. फौजदारणीने खण उघडून पत्र तिच्यापुढे ठेवलं. "आणि हेही वाच. तुझ्याविरुद्ध लिहिलंय मी."

धाकटीने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"माझे ड्रॉवर तपासत होतात तुम्ही?"

"हो. कचऱ्याचा डबासुद्धा. माझं चुकलं."

धाकटीने पत्राची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली. मग पर्समध्ये टाकली. "मॅडम, मला तुमचा भयंकर राग आलाय. तो मी पुरवून पुरवून काढणार आहे, एका दिवसात संपवणार नाही. पण आधी डॉक्टरांची वेळ घेते." तिने तिथूनच फोन लावला.

वेळ दुसऱ्या दिवशी सकाळची मिळाली. मग दोघींनी बसून मोठ्या डॉक्टरांना कळवलं, की आठ महिन्यांचे आकडे रद्द समजावेत आणि औषध आणखी कुणाला सुरू करू नये. फौजदारीण सांगत गेली, धाकटी लिहीत गेली. चुकीचं कारण या रकान्यात तिने 'निरोगी नळी' लिहायला लावलं, आणि जबाबदार कोण या रकान्यात 'स्वतः'. तिथे धाकटी थांबली, पण फौजदारणीने कागदावर बोटाने टकटक केलं, तेव्हा तिने लिहिलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा आधीच आला होता. तिने कॉफीची बरणी काढली, झाकणावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिली.

"पुन्हा घट्ट बसलंय का?" त्याने आतूनच विचारलं, बचावाच्या तयारीने.

"नाही," ती म्हणाली. "तू नीटच लावतोस. मला उघडता येत नाही."

तो बाहेर आला. तिने बरणी पुढे केली. त्याने ती तिच्याकडून घेतली, तशीच ओट्यावर ठेवली, आणि आधी तिचे दोन्ही हात उजेडात धरून पाहिले.