दोन रकान्यांची वही

मी शिकवतो त्या नांदेडच्या आमच्या सार्वजनिक धोरण विभागात राष्ट्रीय सुरक्षेवर संशोधन चालतं. म्हणजे फलक छापले जातात आणि पाहुण्यांसाठी शाली आणल्या जातात. प्रत्यक्ष संशोधन कंत्राटावरच्या एकट्या बाई करायच्या. त्या रोज अर्धापूरहून एसटीने यायच्या. कुणी काहीही सांगितलं की विचारतात, "बघितलं का ऐकलं?" त्यांच्या वहीत या दोन शब्दांचे दोन रकाने आहेत.

यंदाचा विषय होता रेल्वेपुलाची सुरक्षा. पुलाखालच्या वस्तीतले लोक संशयास्पद आहेत, एवढं एक वाक्य विभागप्रमुखांना अहवालात हवं होतं. बाई महिनाभर त्या वस्तीत फिरून आल्या होत्या.

"दिल्लीचे पाहुणे येऊन राहिलेत, बाई. घाला की एक वाक्य. तुमची मुदतवाढ माझ्याच सहीवर आहे."

"त्या वाक्यानं चाळीस घरं उठतील, सर. मी तिथं तसलं काहीच बघितलं न्हाई. घालायचंच तर अहवालावरचं माझं नाव काढा, तुमचं टाका."

सरांनी शिपायाला शाली आल्या का ते विचारलं. स्वतःचं नाव टाकायला ते तयार नव्हते, म्हणून अहवालातून वाक्य गेलं आणि बाईंची मुदतवाढही गेली.

टेबल आवरताना त्यांनी ती वही माझ्यापुढे उघडली. वस्तीबद्दलचं ते वाक्य 'ऐकलं'च्या रकान्यात होतं आणि पुढे सांगणाऱ्याचं नाव होतं, माझं. चहा पिताना मी ते सहज बोलून गेलो होतो.

"उद्या मी वस्तीत चालले," बाई मला म्हणाल्या. "नोकरी गेली म्हणून काम थोडंच संपलं? तुम्हीबी चला, सर. एकदा बघून घ्या."