पाट्यावरची चव

दाजी गेल्याचा निरोप हिराबाईंनी दिला. दाजींच्या घरी फोन नव्हता. तारेवरून येणारं काहीच त्या घरात नव्हतं. म्हणून शेजारच्या हिराबाई उरणच्या नाक्यावर पीसीओपर्यंत गेल्या आणि तिथून त्यांनी आमच्या नेरूळच्या फ्लॅटवर फोन लावला. "सुभाषभाऊ, तुमचं दाजी गेलं. जेवलं, झोपाल्यावं बसलं नि तशीच मान टाकली. आक्का काय बोलं नाय, तुमी या." मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि तसाच उभा राहिलो. दाजी माझ्या सख्ख्या बहिणीचे, अक्काचे यजमान. रडू यायला हवं होतं, पण आधी आली ती लाज. एकेकाळी दर रविवारी मी ज्या घरी जेवायला जात होतो, तिथे शेवटचं कधी गेलो हे मला आठवेना.

दाजी मूळचे साताऱ्याकडचे. वाशीच्या मसाला मार्केटात एका व्यापाऱ्याकडे ते हिशेब लिहिणारे मेहताजी होते. मिरचीच्या गोण्यांमागे, भर दुपारीही ट्यूबलाइट लावावी लागणाऱ्या गाळ्यात त्यांचं सगळं तारुण्य गेलं. घरी यावं तर सोसायटीची पाण्याची मोटर जळालेली असायची. मग जिन्यात बादल्या, आणि दर महिन्याला मोटरीवरून मीटिंगमध्ये भांडणं. "एक बटन बंद पडलं की अख्ख्या बिल्डिंगनं तोंड धुवायचं नाय, ही काय जगायची रीत झाली?" असं म्हणता म्हणता एक दिवस त्यांनी खरोखरच फ्लॅट विकला, नोकरी सोडली आणि द्रोणागिरीच्या डोंगराखाली हिराबाईंच्या सासऱ्यांचं जुनं कौलारू घर घेतलं. गावात वीज होती, अंगणाला लागून खांबही होता. दाजींनी मीटर घेतलं नाही. विहिरीचं पाणी, चुलीचा जाळ, कंदिलाचा उजेड. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अडवणारंही कुणी नव्हतं. अक्काला विचारलं होतं का, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाच पडला नाही.

आणि खरं सांगायचं तर आम्हाला ते घर फार आवडायचं. आम्ही म्हणजे मी, माझी बायको, आमचे नातेवाईक, मार्केटातले त्यांचे जुने सोबती. रविवारी सकाळी उरणची एसटी पकडायची आणि दुपारपर्यंत ओसरीवर पसरायचं. दारात एक टोपली टांगलेली असे. आल्या आल्या घड्याळ, ट्रान्झिस्टर, बॅटरी, जे असेल ते तिच्यात टाकायचं, असा दाजींचा नियम. माझ्याकडे बघून हमखास म्हणायचे, "या पाव्हणं! टाका तुमची शेल टोपलीत. हितं सूर्य फुकट हाय." संध्याकाळी गावातल्या घरांतून टीव्हीचे आवाज यायला लागायचे आणि दाजींच्या अंगणात मात्र अंधार सावकाश उतरताना दिसायचा. खाडीवरून वारा यायचा. दाजी राखेनं कंदिलाची काच पुसायचे, ती उजेडाकडे धरून पुन्हा पुसायचे, आणि मग वात लावायचे. तेवढ्या वेळात कुणी बोलत नसे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला असली शांतता चढते. आम्हाला ती चढायची.

जेवणाचं कौतुक तर विचारू नका. अक्काच्या हातचा कोंबडीचा रस्सा, त्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि मिरचीचं वाटण. पहिला भुरका मारला की दाजी सगळ्यांकडे बघत विचारायचे, "काय? लागतोय का नाय फरक? पाट्यावरचं वाटण हाय. मिक्सरला ही चव जन्मात येनार नाय." आणि आम्ही माना डोलवायचो. माझ्या बायकोला मी सगळ्यांदेखत सांगायचो की बघ, याला म्हणतात वाटण. ती गप्प बसायची. अक्का वाढत असायची, तीही गप्पच.

एक रविवार मात्र वेगळा निघाला. आम्ही बरेच जण जमलो होतो. जेवणाची वेळ झाली आणि गावातली लाईट गेली. शेजारच्या घरातला टीव्ही मध्येच थांबला, पोरं ओरडली. दाजींना भलताच आनंद झाला. झोपाळ्यावरून उठून ते जवळजवळ भाषणाच्या पवित्र्यात उभे राहिले. "बघा! गाव थांबला. आपलं काय थांबलं का? आपली चूल पेटलीया, आपलं पानी हिरीत हाय. आपल्या घराची दोरी कुनाच्या हातात नाय!" आम्ही टाळ्यासुद्धा वाजवल्या... आणि त्या टाळ्यांमध्येच परसदारातून हिराबाई आत आल्या. त्यांच्या हातात मिक्सरचं भांडं होतं. ओसरी माणसांनी भरलेली त्यांना दिसली असेलही, पण बोलून झाल्यावर. "आक्का गो, लाईट गेली बग. वाटान अर्दाच झालाय, मिक्सर बंद परला. आता कवा येल काय म्हाईत नाय."

आधी कुणाला काही कळलं नाही. मग एकेकाला कळत गेलं. अक्का चुलीपाशी उभी होती. तिचा उजवा खांदा धरायला लागल्याला दोन वर्षं होत आली होती. घागरी ओढून ओढून तो गेला होता. आठवड्याचं त्या दोघांपुरतं ती कसंबसं वाटायची, पण रविवारचं एवढ्या माणसांचं वाटण तिला होत नव्हतं. म्हणून आम्ही ओसरीवर गप्पा मारत असताना ती परसातून भाजलेलं खोबरं हिराबाईंकडे पाठवायची. आम्ही ज्या चवीला माना डोलवत होतो ती हिराबाईंच्या मिक्सरची होती. अक्का एवढंच म्हणाली, "हात वर जात नाही माझा. तुम्हाला कसं सांगायचं?" तिला राग नव्हता. तीच खाली बघत होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

दाजींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. माणूस शरमतो म्हणजे काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. त्यांनी हिराबाईंच्या हातातून भांडं घेतलं, चुलीमागे पाटा होता तिथे गेले, मांडी घालून बसले आणि वाटायला लागले. त्यांना येत नव्हतं. गुडघे वाकत नव्हते, वरवंटा घसरत होता, मिरची डोळ्यांत जात होती. अक्का म्हणाली, "अहो, राहू द्या." ते उठले नाहीत. आम्हाला जेवायला ऊन कललं. रस्स्यात खोबऱ्याचे तुकडे दाताखाली येत होते. चवीबद्दल कुणी काही बोललं नाही, आणि निघताना टोपलीतून घड्याळं काढतानाही कुणी कुणाकडे बघितलं नाही.

त्यानंतर त्या दोघांत काय बोलणं झालं, ते अक्कानं सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. दाजी तिला म्हणाले, "मी दिवा नको म्हनलं, पन ते तुझ्या खांद्यावर उभा राहून म्हनलं. उद्या मीटरचा अर्ज देतो." त्यावर अक्का म्हणाली, "मला इथली संध्याकाळ तुमच्याइतकीच आवडते हो. मीटर नसलं तरी चालेल. मला विचारायचं होतंत, एवढंच." मग मीटर आलं नाही, पण घागरी दाजींनी घेतल्या. वाटणही घेतलं. खाली बसवेना म्हणून त्यांनी चुलीमागे दगडमातीचा ओटा बांधला आणि पाटा त्यावर बसवला, स्वतःच्या कमरेच्या उंचीला, म्हणजे उभ्यानं वाटता यावं. दाजी चांगले उंच होते. रोज सकाळी ते तिथे उभे राहून वाटायचे. रविवारची माणसं मात्र हळूहळू कमी झाली. कुणी कामाचं सांगितलं, कुणी मुलांच्या परीक्षेचं. मला वाटतं, दाजी राबताना बघून आम्हाला आयतं जेवता येईना, आणि उठून घागर उचलावी हे तर कुणाच्या डोक्यातच आलं नाही. शांतता हवी होती. तिच्यासाठी विहिरीवर कोण जातं ते बघायचं नव्हतं.

तेराव्याला सगळे पुन्हा जमले. आमचे एक चुलते बोलायला उठले आणि विजेवाचून जगलेल्या या माणसाबद्दल भरभरून बोलले, शेवटी म्हणाले, "आणि त्या घरची पाट्यावरची चव..." हिराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला, हसू की रडू ते मला कळलं नाही. माझी मान खाली गेली ती वर होईना. नंतर तेच चुलते अक्काला म्हणाले, "आता तरी लाईट घे, पोरी." अक्का म्हणाली, "विचारलंत, बरं झालं. ठरवते मी."

मागच्या रविवारी एकटाच गेलो. दारातली टोपली रिकामी होती, मी घड्याळ काढून तिच्यात टाकलं. दोन घागरी भरून ठेवल्या; तेवढ्यानं माझ्या तळहातांना फोड आले. अक्का चुलीपाशी खोबरं भाजत होती. माझं लक्ष ओट्यावरच्या पाट्याकडे गेलं. अक्का ठेंगणी, तो तिच्या छातीला लागत होता. शेजारी एक लाकडी पाट पडला होता. त्यावर चढून ती वाटायचा प्रयत्न करत असणार. मी म्हटलं, "अक्का, हा ओटा पाडून पाटा खाली घेतो. तुला वापरता येईल."

अक्कानं खोबरं ताटलीत काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"नको पाडू. तू उंच आहेस. वाट."

मी दाजींच्या जागेवर उभा राहिलो. वरवंटा घसरत होता, मिरची डोळ्यांत जात होती. बऱ्याच वेळानं अक्कानं बोटावर वाटण घेऊन पाहिलं. भरड होतं, तुकडे तसेच होते. मी म्हटलं, "नीट झालं नाही गं."

"त्यांचंही कधी झालं नाही," ती म्हणाली, आणि ते तसंच रस्स्यात टाकलं.