दुसऱ्या ओळीचं गाणं

"त्यांना तिथेच बसू दे. चपलांपाशी."

गुरुजी माझ्या आईबद्दल बोलत होते. आई नागभीडजवळच्या आमच्या गावाहून एसटीने चंद्रपूरला आली होती, नव्या तांदळाची पिशवी घेऊन. मी पंधरा वर्षांची. गुरुजींकडे शास्त्रीय गाणं शिकणारी आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली पहिलीच पोरगी.

"गुर्जी, पोरीले चांगलं शिकवा जी," आई दारातूनच म्हणाली.

गुरुजींना गंमत सुचली. "तुम्हीपण गाता म्हणे शेतात. गा की."

आईने खरंच गायलं. धानाच्या रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं गाणं. आमच्याकडे चिखलात बायांच्या दोन ओळी असतात. पहिली ओळ सूर रिषभावर अर्धवट सोडते, दुसरी तिथूनच उचलते आणि षड्जावर, मूळ सुरावर, आणून ठेवते. आई एकटीच होती. तिने पहिल्या ओळीपुरतं गायलं आणि थांबली.

"गाणं कसलं, ही तर बांधावरची हाक! तुमच्या लोकांचे गळे हाका मारूनच तयार होतात."

सगळे शिष्य हसले. मीही हसले. आईकडे बघत हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

आई गावाला परतल्यावर गुरुजींनी मला त्या गाण्याची सरगम लिहायला लावली. स्वरज्ञान तपासायचं म्हणे. आई गायली तेवढीच, पण मी जीव ओतून लिहिली, एक कण सोडला नाही. कागद त्यांनी ठेवून घेतला.

पुढे बारा वर्षं मी त्यांच्या मागे तानपुरा धरून बसले. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची, ही गाणाऱ्यांची रीत. मी दोन्ही कान धरायचे.

मग चंद्रपुरातच ती मैफल झाली. सभागृह भरलेलं. गुरुजी म्हणाले, "आता माझा स्वनिर्मित राग."

पहिल्या आलापातच ओळखलं. आईचं गाणं. तेच चढणं, तेच उतरणं. रिषभावर येऊन ते थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही अपूर्णता मला साधनेत गवसली."

टाळ्या! डोक्यात तिडीक गेली. कसली साधना? दुसरी ओळ त्या माणसाने कधी ऐकलीच नव्हती.

गुरूने खूण केल्याशिवाय मागे बसलेल्याने तोंड उघडायचं नसतं. मी उघडलं. रिषभावरून दुसरी ओळ उचलली, मोकळ्या गळ्याने, बांधावरच्या हाकेसारखी, आणि षड्जावर आणून ठेवली. गुरुजींनी मागे न बघता हाताने गप्प बस म्हटलं. मी परत गायले.

पडदा पडल्यावर ते अंगावर आले. "तुझी लायकी बांधावरचीच!"

"बांधावरचीच आहे. म्हणून तर ओळखलं."

तानपुरा तिथेच ठेवून निघाले. त्यानंतर त्या नावाला कान धरला नाही.

वाळीत टाकली मला. कार्यक्रम बंद झाले. मग मी नागभीड, सिंदेवाहीच्या धानाच्या बांध्यांतून फिरले, रोवणीची गाणी गोळा केली, त्यांवरच पीएच.डी. केली. आज कॉलेजात संगीत शिकवते. आणि तो राग? अजून त्यांच्याच नावावर गातात.

परवा गुरुजींच्या गौरवग्रंथासाठी त्यांच्या नव्या शिष्यांचं पत्र आलं. त्या रागावर अभ्यासपूर्ण लेख हवा म्हणे, आणि सत्काराचं आग्रहाचं निमंत्रण. त्या मैफलीत काय झालं ते ह्या नव्या पोरांना कोण सांगणार? आईला पत्र वाचून दाखवलं.

"माह्यं गानं त्याच्या नावावर काऊन?" आई म्हणाली. "तू गप नोको बसू."

लेख लिहिला. आईचं नाव, गावाचं नाव, दोन्ही ओळींची सरगम. छापतील असं वाटत नाही. नका छापू.

सत्काराला मी जाणार आहे. एकटी नाही. आई आणि तिच्यासोबत रोवणी करणाऱ्या आठ बाया येणार आहेत. चपलांपाशी नाही, पुढच्या रांगेत बसणार आहेत. शिष्य तो राग गातील, रिषभावर थांबतील. तिथून आमच्या बाया उचलतील.

माफी वगैरे मला नको. त्या वेळी मी गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघत बसणार आहे.