शालूवहिनींची बस

शालूवहिनी एसटीतून उतरल्या की घराकडे वळत नाहीत. आधी ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभ्या राहतात. बाई तक्रार घेऊनच आली असणार, या धसक्याने तो बिचारा मान बाहेर काढतो. "तक्रार नाही हो," वहिनी म्हणतात, "सुखरूप आणलंत, तेवढं सांगायला आल्ये." मागे मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हात ताटकळत असतो. मी त्यांचा धाकटा दीर. दादा गेल्यापासून त्यांच्या प्रवासाचा हमाल मीच.

पूर्वी या बाई अशा नव्हत्या. रत्नागिरी स्टँडवर गाडी उशिरा लागली की चौकशीच्या खिडकीतल्या माणसाला घाम फुटायचा. "तुमच्या गाडीच्या आधी आम्ही राजापूरला चालत पोचू," असं त्याला ऐकवल्याशिवाय त्या हलायच्या नाहीत. गाडी धड थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात तर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

त्यांची मेधा टांझानियात. जावई तिथे काजूच्या कारखान्यात. पहिलं बाळंतपण म्हणून वहिनी मला घेऊन निघाल्या. विमानातून उतरतो तोच जावयाचा फोन, "कळा लवकर सुरू झाल्यात. मला न्यायला येता येत नाही, तुम्ही बसनेच या." वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. मेधा जन्मतःच जरा नाजूक, आणि परमुलखात जवळ आईमाणूस नाही.

बस दिसताच वहिनींनी सवयीने खिडकीतून रुमाल आत टाकला. आतले एक म्हातारे गृहस्थ लगबगीने खाली उतरले, रुमाल झटकून घडी केली आणि अदबीने वहिनींच्या हातात ठेवला. त्यांना वाटलं, बाईंचा पडला. मला हसू आवरेना. "हसताय काय भाऊजी, जागा गेली ना!" वहिनी म्हणाल्या. पण आत गेलो तर त्याच गृहस्थांनी सरकून जागा करून दिली.

बस भरल्याशिवाय तिथे सुटत नाही. एकदाची भरली, सुटली आणि भर रानात बंद पडली. बाहेर तांबडी माती, काजूची झाडं; अगदी लांज्याच्या पुढे आल्यासारखं वाटत होतं. वहिनींचा धीर सुटला. "माझी पोर एकटी आहे हो तिकडे," असं मराठीतच म्हणत त्या रडायला लागल्या. बायकांनी खुणेने विचारलं, काय झालं? वहिनींनी पोटावरून हात फिरवला, मग हातांचा झोका करून दाखवला.

एवढं पुरलं. कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवरून हात फिरवत बसली, एकीने भाजलेलं कणीस पुढे केलं. बाहेरचं काही तोंडात न घालणाऱ्या वहिनींनी ते खाल्लं. मग मेधासाठी आणलेला डिंकाच्या लाडवांचा डबा उघडला. मी म्हटलं, "अहो, बाळंतिणीचे ते!" तर म्हणाल्या, "तिला पुन्हा करीन. ही माणसं बघा, आपली कोण लागतात?"

सगळ्यांनी ढकलून बस चालू केली. मीही ढकलली, कंबर आजही आठवण देते. मग वाटेत हात करणाऱ्या कुणासाठीही ड्रायव्हर थांबला नाही. गावात शिरल्यावर नेहमीचा रस्ता सोडून त्याने बस थेट इस्पितळाच्या फाटकाशी आणली. आपल्याकडे असती तर निम्म्या गाडीने आरडाओरडा केला असता. इथे कुणी ब्र काढला नाही.

वहिनी आत धावल्या. मुलगी नुकतीच झाली होती, मेधा सुखरूप होती, दमून हसत होती. वहिनींनी तिचे मुके घेतले. नर्सने बाळ पुढे केलं, तसे त्यांनी हात पसरले आणि परत मागे घेतले.

"थांबा हो जरा," त्या म्हणाल्या, "बाहेर सगळी खोळंबलीयेत माझ्यासाठी. आधी त्यांना सांगून येते."

खरंच, बस हलली नव्हती. वहिनींनी फाटकात उभं राहून पुन्हा हातांचा झोका केला, आता हसत. खिडक्या-खिडक्यांतून बायकांनी, तिकडे आनंदाला करतात तसा, जिभा हलवत असा काही गजर केला, की इस्पितळातली माणसं बाहेर आली. वहिनी हात जोडून रडत होत्या. मी सहसा रडणारा माणूस नाही, पण तेव्हा रडलो. बस वळणाआड दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे त्या नातीला घ्यायला आत गेल्या.