घडीची नको, दांड्याची दे

माझा नवरा सायकल घेऊन गेला. मेला नाही, गेला. कल्याणला दुसरीबरोबर राहू लागला. पडवीच्या भिंतीला हँडल टेकून टेकून खड्डा पडला होता, तेवढा मागे राहिला. दर दिवाळीला मी भिंत सारवायची, पण तो खड्डा बुजवला नाही. कंटाळा, दुसरं काही नाही.

आमचं घर गावाच्या टोकाला, पुढून कर्जतचा रस्ता. दारात सायकल उभी दिसली की घरात गडीमाणूस आहे असं जाणारा-येणारा समजायचा. नवरा गेल्यावर हे मला नीट कळलं. तिन्हीसांजेला कोणीतरी पडवीत येऊन उभा राहायचा.

"आगपेटी हाय का गं?"

बिडी कानावर आणि आगपेटी खिशात वाजतेय. मी आतूनच "नाय" म्हणायची आणि कडी लावायची. रोज नाही व्हायचं, पण कधी होईल ते सांगता यायचं नाही.

सोबत म्हणाल तर पलीकडच्या घरातली काकी. विधवा बाई, मुलगा-सून मुंबईला. दिवेलागणीला भाकरी पदराखाली घेऊन यायची. चिमणीच्या उजेडात आम्ही मोड आलेले वाल सोलत बसायचो. बिरडं एकटीने सोलायचं म्हणजे नखं दुखतात आणि काम सरत नाही. काकी सुनेला शिव्या द्यायची, मी हं हं करायची. जेवून ती घरी जायची. हीच आमची करमणूक.

मी भिवपुरीला वीजघराच्या वसाहतीत एका घरी स्वयंपाक करायची. वीज तिथे तयार व्हायची, आमच्या गावात मात्र रॉकेलचे दिवे. चालत सव्वा तास. त्या घरच्या साहेबांची बदली झाली. नवीन येणाऱ्या बाईंनी आधीच निरोप धाडला की डबा सकाळी साडेसहाला हवा, जमत नसेल तर दुसरी बघते. चौथी शिकलेल्या बाईला दुसरं काम कुठलं? सायकल घेणं भाग होतं.

जाणाऱ्या बाईंकडे मुलीची घडीची सायकल होती. लहान चाकं, मध्ये बिजागरी, दांडा नाही. त्या स्वस्तात द्यायला तयार होत्या. वसाहतीच्या पटांगणात दोन दुपारी चालवून बघितली. दोनदा पडले, मग जमलं. पाय जमिनीला टेकायचे.

"हीच घे," बाई म्हणाल्या. "घरी गेलीस की घडी करायची आणि आत ठेवायची. कोणाला दिसणारसुद्धा नाही."

त्यांनी चांगुलपणाने सांगितलं. मला मात्र तेच खुपलं. दिसणार नाही ती सायकल माझ्या काय कामाची? उद्या सांगते म्हणाले आणि रविवारी कर्जतला गेले.

दुकानात एक जुनी मोठी सायकल होती. काळी, दांड्याची, मागे कॅरियर. सीट माझ्या कमरेच्या वर.

"बाय, कोणासाठी?" दुकानदाराने विचारलं. तो आम्हाला ओळखायचा.

"घरधन्यासाठी."

"आले का परत?"

"येतायत."

साठवलेलं सगळं त्यात गेलं. कर्जतहून घरापर्यंत सायकल हाताने ढकलत आणली. वाटेत तिघा-चौघांनी तेच विचारलं आणि तिघा-चौघांना मी तेच सांगितलं. पडवीत आणून हँडल बरोबर त्या खड्ड्यात टेकवलं. बसलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या संध्याकाळी आगपेटी मागायला कोणी आलं नाही. काकीही आली नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. सायकल मला चालवता येत नव्हती. दांड्यावरून पाय टाकायचा तर लुगड्याचा काष्टा घट्ट हवा आणि कोणीतरी धरायला हवं. म्हणून मी चालतच कामावर जात राहिले आणि सायकल दिवसभर दारात उभी. चौथ्या दिवशी काकी आजारी असेल म्हणून बघायला गेले. ती अंगणात धडधाकट बसली होती.

"का आलीस? धनी जेवले का?" आणि पदर तोंडाला लावून हसली. "जा गं घरी. इतक्या वर्सांनी घराकडं वळला माणूस. मी मेली मधे कशाला?"

तेव्हा खरं सांगायचं होतं. जीभ रेटली नाही. नवरा येणार नाही हे मला ठाऊक होतं, तिलाही ठाऊक होतं, पण आम्ही दोघींनी ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

"जेवले," मी म्हणाले आणि परत आले.

मग चार संध्याकाळी एकटीने बिरडं सोललं. दार उघडं ठेवलं तरी भीती नव्हती. कोणीच येत नव्हतं. अशी शांतता मी विकत आणली होती. घडीची घेतली असती तर ती आत पडून राहिली असती, दार होतं तसं राहिलं असतं, काकी आली असती. पाचव्या दिवशी वसाहतीत विचारलं, ती सायकल विकली गेली होती.

संध्याकाळी मोठी सायकल ढकलत काकीच्या अंगणात नेली.

"मागून धर," मी म्हटलं. "मला शिकायचीय. नवीन बाई दोन दिवसांत येते."

"आन् धनी?"

"धनी नाय. आलाच नाय."

काकीने सायकलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता कीव करेल. ती भडकली.

"रांडे, आठ दिस मी एकटी भाकर खाल्ली, तुझ्या त्या खोट्या नवऱ्यापायी!"

मग उठून कॅरियर धरला. दोन संध्याकाळी ती धापा टाकत मागे पळाली. "मरशील गं! माजा बी जीव घेशील!" मी ढोपरं फोडून घेतली, पण साडेसहाच्या आत डबा तयार होऊ लागला. रस्त्याने पोरं हसायची. हसू देत.

खोटा नवरा पुन्हा दारात नको म्हणून सायकल मी रिकाम्या गोठ्यात ठेवू लागले. दार पुन्हा उघडं पडलं आणि आगपेटीवाले पुन्हा आले. काकी वाल सोलता सोलता आतून ओरडायची, "दोघी हावत घरात! काय पायजे रं?" जायचे.

अशी काही वर्षं गेली. एका पावसाळ्यात काकी तापाने गेली. मुलगा आला, दिवस करून घराला कुलूप लावून गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल गोठ्यातून काढली आणि पडवीत, त्याच खड्ड्याला टेकवून ठेवली.

अजून तिथेच आहे. काम सुटल्याला वर्षं झाली, टायर कधीच कुजले. आता आगपेटी मागायलाही कोणी येत नाही. बिरडं मी पावशेरच भिजवते.